तागा, कात्री आणि शिक्का

धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की तापी लागण्याआधी नरडाणा येते. शिंदखेडा तालुक्यातले हे गाव दोन वाटांच्या फुलीवर आहे. मुंबई-आग्रा महामार्ग दक्षिणेला धुळे मागे टाकून मालेगावच्या यंत्रमागांपर्यंत पोचतो. सुरत-भुसावळ लोहमार्ग पूर्वेला अमळनेरकडे जातो, जिथे एके काळी प्रताप शेठांच्या प्रताप मिलचा भोंगा वाजत असे. पश्चिमेला तो थेट सुरतेला मिळतो. भोवती कपाशीची काळी जमीन आहे. वेचणी झाली की कापूस जिनिंगला जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गठाणी बांधल्या जातात आणि बाहेरची वाट धरतात. त्याच वाटांनी उलट दिशेने गावोगावच्या दुकानांत सुरतेच्या साड्या आणि मालेगावचे कापड येते. कापूस पिकवणाऱ्या मुलखाने पॉलिस्टर नेसावे यात तक्रारीचे काही नाही. दूध विकून चहा पिणारे आपण सगळेच आहोत. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. जाताना रुईचा धागा किती मिलिमीटरचा, ओल किती, कचरा किती, गठाण कोणत्या प्रेसची आणि कितव्या नंबरची, एवढी सगळी विचारपूस होते. येताना कापडाला विचारले जाते फक्त एक: कितीला दिले?

हे पुस्तक तंतू, वीण आणि लेबलाचा कायदा या तीन विषयांची तोंडओळख करून देते. एरवी हे विषय तीन ठिकाणी शिकवले जातात. तंतूचे रसायन वस्त्र-अभियांत्रिकीच्या वर्गात, वीण मागावर किंवा गृहविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात, आणि कायदा ग्राहक चळवळीच्या पत्रकात. त्यामुळे ज्याला तंतू कळतो त्याला शिक्क्याचा हक्क ठाऊक नसतो, आणि हक्क ठाऊक असणाऱ्याला साटीन हे रेशमाचे नाव आहे की विणीचे, हे सांगता येत नाही. तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय कापड वाचता येत नाही, असे माझे म्हणणे आहे. याहून जरा कडवट म्हणणे असे की आपल्याकडे कापडाच्या खरेपणाचा कायदा गेली दीडशेहून अधिक वर्षे मोठ्या खरेदीदाराची पाठराखण करत आला, आणि जो ते कापड अंगावर घालतो त्याच्या दारात पोचायच्या आधी थांबला.

शिक्क्याचा कायदा ही शहरी चैन आहे असे वाटणाऱ्यांनी खानदेशाचा इतिहास चाळावा. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांची रुई तुटली आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. भाव चढला तशी भेसळही चढली. लांब धाग्याच्या रुईत आखूड धाग्याची मिसळायची, दाबण्याआधी पाणी शिंपडायचे, सरकी आणि माती आत तशीच राहू द्यायची. कापसातल्या लबाडीवर मुंबई इलाख्यात 1829 पासून नियम होता. 1863 साली सरकारने त्यासाठी नवा, कडक कायदा केला आणि तपासनीस नेमले. त्याच काळात खानदेशचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर इथल्या आखूड धाग्याच्या वाणाऐवजी हिंगणघाटचे बी पेरले जावे म्हणून खटपट करत होते. इथली रुई बाजारात ‘ऊमरा’ या वर्गात मोजली जाई. ऊमरा म्हणजे अमरावती. आपल्या मालाला दुसऱ्याच्या गावाचे नाव लागण्याची सवय खानदेशाला अशी जुनी आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोझियम जातीची कपाशी खानदेशात पसरली. तिचा धागा आखूड, पण कापसातून रुई जास्त उतरे. गिरणीला ती नको होती, शेतकऱ्याला हवी होती. आणि बाजार जोवर लांबीऐवजी वजनाला पैसे देत होता तोवर शेतकऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नव्हता. मग कायद्यांची रांग लागली. 1921 साली मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. 1923 च्या कायद्याने हलकी रुई चांगल्या कापसाच्या भागात आणण्यावर बंदी घालता येऊ लागली. 1924 साली माटुंग्याला तंतू तपासण्याची प्रयोगशाळा उभी राहिली, ती आजही चालू आहे. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि क्रमांक टाकणे सक्तीचे केले. जळगावच्या संशोधनातून जरीला आणि विरनार हे सुधारित वाण आले ते याच प्रयत्नांच्या ओघात. अलीकडे 2020 साली ‘कस्तुरी कॉटन’ हे नाव निघाले, त्यात गठाणीचा माग क्यूआर कोडने काढता येतो. हे सगळे चांगलेच झाले. पण 1863 पासून 2020 पर्यंतची ही रांग पाहिली की एक गोष्ट नजरेत भरते: यातली प्रत्येक खूण गठाणीवर आहे. ती वाचणारा आधी लिव्हरपूलचा व्यापारी, मग मुंबईची गिरणी, आता परदेशी ब्रँड. गठाण फुटून सूत झाले, सुताचे कापड झाले, की खूण विरघळते.

कापडासाठी कायदाच नाही असे मात्र नाही. 1988 चे वस्त्र (ग्राहक संरक्षण) विनियम आहेत आणि नावातच ग्राहक आहे. उत्पादकाचे नाव-पत्ता, कापडाचा प्रकार, लांबी, पन्हा आणि कोणता तंतू किती टक्के, हे ताग्यावर छापले पाहिजे असे ते सांगतात. आता हा शिक्का प्रत्यक्षात कुठे असतो ते पाहू. तो ताग्याच्या तोंडाशी, दर्शनी घडीवर असतो. दुकानदार गादीवर तागा उलगडतो, पट्टीने मोजतो, कडेला कात्रीने चीर देतो आणि फर्रकन फाडून तुकडा वेगळा करतो. तो सहसा दुसऱ्या टोकाकडून कापत येतो, कारण शिक्का त्यालाच लागतो: भाव त्यावरून कळतो, पुन्हा माल मागवताना उपयोगी पडतो. गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातो तो अडीच मीटरचा मुका तुकडा. सुटिंगच्या काठावर मिलचे नाव आणि कधी कधी मिश्रणही लिहिलेले असते. तो काठ शिंपी शिवणीत दडपतो किंवा कापून टाकतो. कायदा पाळला गेला, शिक्काही होता, आणि कापड घालणाऱ्याला तरीही काही कळले नाही. तयार कपड्यांची गत याहून निराळी नाही. वजनमापाच्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत 2022 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार सुटे, उघड्यावर विकले जाणारे कपडे आणि होजिअरी यांवर उत्पादकाची ओळख, तक्रारीसाठी संपर्क, माप आणि कमाल किंमत एवढे असले की पुरते. त्या यादीत तंतूला जागा नाही.

शिक्का नसला की त्याची जागा दुकानातले नाव घेते, आणि दुकानातली नावे म्हणजे निव्वळ गोंधळ. कापूस, रेशीम, लोकर, व्हिस्कोस, पॉलिस्टर ही तंतूंची नावे. पॉपलीन, ट्विल, साटीन ही विणीची किंवा विणलेल्या कापडाची. जॉर्जेट आणि क्रेप ही सुताला दिलेल्या कडक पिळातून येणाऱ्या पोताची. यातले कोणतेही नाव दुसऱ्याच्या जागी वापरले की खोटे न बोलता फसवता येते. ‘साटीन आहे’ म्हणताना विक्रेता खरेच बोलतो. ऐकणारी मात्र रेशीम ऐकते. ‘आर्ट सिल्क’मधल्या आर्टचा कलेशी संबंध नाही, तो आर्टिफिशियलचा पहिला तुकडा आहे. म्हणजे शब्दातच कबुली दिलेली असते, पण अर्धी कापून. याउलट सरकारला ज्या कापडाची फिकीर असते त्याची व्याख्या किती नेमकी होते, हेही पाहण्यासारखे आहे. 1956 च्या खादी आयोगाच्या कायद्यात खादी म्हणजे भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी सुताचे, भारतातच हातमागावर विणलेले कापड. राष्ट्रध्वज कोणत्या कापडाचा, हे ध्वजसंहितेत लिहिलेले आहे. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने त्यात यंत्रावरचे आणि पॉलिस्टरचे कापड आले, तेव्हा देशभर चर्चा झाली. ध्वजात पॉलिस्टर किती हे विचारणारा देश आपल्या शाळकरी पोराच्या गणवेशात ते किती, हे विचारत नाही.

पैठणीचे उदाहरण या घोळावर चांगला उजेड पाडते. पैठणी घेताना तीन प्रश्न असतात: रेशीम खरे का, हातमागावर विणली का, आणि पैठण-येवल्याच्या परंपरेतली आहे का. पहिल्याला 2004 पासूनचे सिल्क मार्क उत्तर देते, दुसऱ्याला 2006 चे हँडलूम मार्क, तिसऱ्याला भौगोलिक निर्देशांकन. एक खूण दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देत नाही. सिल्क मार्क असलेली साडी यंत्रमागाची असू शकते, आणि त्यात कोणी फसवले असे म्हणता येणार नाही. इथे शिक्क्यापेक्षा डोळे कामी येतात. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करावा: मोर आणि वेल दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या हद्दीपुरताच फिरवून शेजारच्यात अडकवलेला असतो. यंत्राच्या जॅकार्डवर विणलेल्या पदराच्या मागे मोकळे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. ‘सेमी पैठणी’ हा शब्द यातले नेमके काय अर्धे आहे ते सांगत नाही. ते विचारावे लागते.

तंतूची ओळखही अशीच हाताने सुरू होते. तुकड्याच्या कडेचा एक उभा धागा, म्हणजे ताणा, ओढून काढावा आणि एक आडवा, म्हणजे बाणा. दोन्ही वेगळे तपासावेत, कारण सुती ताण्यात पॉलिस्टरचा बाणा घालून कापड ‘कॉटन’ म्हणून विकणे सोपे असते. धागा चिमटीत धरून पिळाच्या उलट फिरवला की उकलतो. आतून बोटभरही लांब नसलेले, विस्कटलेले केस निघाले तर ते आखूड तंतूंचे कातलेले सूत. टोकापासून टोकापर्यंत सलग, गुळगुळीत रेषा निघाल्या तर रेशीम किंवा यंत्रातून ओढलेला कृत्रिम तंतू. मग ताटलीवर, चिमट्यात धरून, जोतीजवळ न्यावा. कापूस कागदासारखा पेटतो, वासही जळक्या कागदाचा, मागे मऊ राखाडी राख. रेशीम आणि लोकर जळक्या केसांचा वास देतात आणि मागे काळी, बोटाने चुरडणारी गोळी ठेवतात. पॉलिस्टर जोतीपासून आक्रसते, वितळते आणि कडक मणी होऊन बसते, तो चुरडत नाही. या परीक्षेच्या मर्यादा लेखकाने झाकू नयेत. व्हिस्कोस हे लाकडाच्या लगद्यापासून केलेले सेल्युलोज आहे, म्हणून ते कापसासारखेच जळते. आणि मिश्र सुतात राख व मणी दोन्ही सापडले तरी प्रमाण किती, हे काडेपेटी सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत 75 टक्के गंधकाम्लात सुती भाग विरघळवून उरलेले पॉलिस्टर तोलावे लागते. म्हणजे ओळख घरी होऊ शकते, टक्केवारी होत नाही. टक्केवारीसाठी शिक्का हवाच.

विणीबद्दल थोडक्यात. एक धागा वर, एक खाली ही साधी वीण; मांजरपाट, पॉपलीन, मलमल, व्हॉईल ही सगळी तिचीच लेकरे. फरक आहे तो सुताच्या नंबरात आणि दाटीत. 840 वारांची एक लड धरली तर एक पौंड सुतात जितक्या लडी बसतात तो त्याचा नंबर; 40 नंबरच्या एका पौंडात 33,600 वार सूत असते. नंबर मोठा तेवढे सूत बारीक. ट्विलमध्ये वीण दर ओळीला एक घर सरकते, तिरप्या रेघा उमटतात, कापड दाट आणि चिवट होते. डेनिम आणि पोलिसांच्या वर्दीचे ड्रिल या घरातले. डेनिममध्ये ताणा निळीत रंगवलेला आणि बाणा कोरा, म्हणून जीन्स उलटी केली की पांढरी दिसते. साटीनमध्ये धागा बराच वेळ मोकळा तरंगतो. त्यावरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून चकाकी, आणि बांगडी अडकली की धागा ओढला जातो तोही त्याचमुळे. झगमगाट पाहून रेशमाचा भाव देणारा बहुधा विणीचे पैसे तंतूच्या खात्यात भरत असतो.

कापड वाचून घ्यावे या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. पॉलिस्टर टिकते, रात्री धुतले तर सकाळी वाळते, इस्त्री मागत नाही, स्वस्त असते. मजुरीवर जाणाऱ्या बाईला सुती साडीचे गोडवे ऐकवणे हा भरल्या पोटाचा उद्योग आहे. हे मला मान्य आहे. हे पुस्तक सुताची आरती ओवाळत नाही. पण निवड करायची तर तुलना हवी. कापूस हवेतून स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतो असे व्यापारात मानले जाते. रेशीम 11, व्हिस्कोस 13, आणि पॉलिस्टर अवघी 0.4. मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा 43-44 वर जातो तेव्हा घाम टिपण्यातला हा फरक पाठीला कळतो. चुलीशी बसणाऱ्या बाईच्या बाबतीत प्रश्न आणखी गंभीर आहे: सुती कापड लवकर पेट घेते, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. दोन्ही धोके खरे, पण वेगळे, आणि अंगावर काय आहे हे माहीत असेल तरच सावध राहता येते. व्हिस्कोस ओले झाले की त्याची जवळपास निम्मी ताकद जाते, कापसाची उलट वाढते. धोपटून, पिळून धुणाऱ्या घरात हे ठाऊक नसेल तर दोन महिन्यांत फाटलेल्या कुर्त्याचा दोष धुणाऱ्या हाताला लागतो. गरिबाकडे कपडे थोडे असतात. चुकीच्या निवडीची किंमत त्यालाच जास्त पडते.

दुसरा आक्षेप मागवाल्यांचा. मालेगाव-धुळ्यात कित्येक जण मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. मिश्रणाची जबाबदारी विणणाऱ्यावर टाकली तर अन्याय होईल, आणि छोट्या धंद्यावर कागदी ओझे वाढेल. पहिला भाग पूर्ण बरोबर आहे. पण सूतगिरणीतून निघालेल्या सुताच्या खोक्यावर नंबर आणि मिश्रण लिहिलेलेच असते. त्यावाचून सुताचा सौदा होत नाही. व्यापाऱ्याला ते माहीत असते, रंगाई करणाऱ्याला तर माहीत असावेच लागते, कारण कापसाला आणि पॉलिस्टरला वेगवेगळे रंग लागतात. प्रत्येक टप्प्यावर माहिती हजर आहे. नवे काही शोधायचे नाही, फक्त ती शेवटच्या कात्रीपाशी गळू द्यायची नाही. याला ओझे म्हणणे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे लेबलेही खोटी असतात, मग वाचून काय उपयोग. खोटी असतात हे खरे. अमेरिकेत 1958 च्या कायद्याने कपड्यांवर तंतूची टक्केवारी सक्तीची आहे, तरी तिथे व्हिस्कोसचे कपडे ‘बांबूचे’ म्हणून विकले गेले. 2022 साली वॉलमार्ट आणि कोल्स या दोन साखळ्यांना त्यासाठी मिळून 55 लाख डॉलर भरावे लागले. 2016 साली टार्गेट कंपनीने वेलस्पन या भारतीय पुरवठादाराशी व्यवहार तोडला, कारण ‘इजिप्शियन कॉटन’ म्हणून आलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी-अभ्र्यांत तो कापूस नव्हता. या उदाहरणांवरून लेबल निरुपयोगी ठरत नाही. काहीतरी लिहिलेले होते म्हणूनच खोटे पकडता आले. ज्यावर काहीच लिहिलेले नाही त्याला खोटे कसे ठरवणार?

आपल्याकडे पकडण्याचे साधन आहे, ते वापरात नाही एवढेच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या घटकांबद्दल खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणे हीसुद्धा. जिल्हा ग्राहक आयोग धुळ्यालाही आहे, जळगावलाही. तेव्हा यापुढे शर्टपीस किंवा साडी घ्याल तेव्हा कात्री लागण्याआधी तागा तोंडापर्यंत उलगडायला सांगा, शिक्क्यावरची टक्केवारी वाचा, आणि तीच टक्केवारी बिलावर लिहून मागा.